येळवशीच्या सकाळचं कुलूप

येळवशी म्हणजे वेळ अमावस्या, सगळं घर शेतात जेवायला जातं तो सण. त्या सकाळी लातूरची गल्ली घर बदलायला निघाल्यासारखी दिसते. कोपऱ्यावर छोटा हत्ती टेम्पो उभा होता. मागं आंबिलाची बिंदगी, उंड्यांची दुरडी, फडक्यानं तोंड बांधलेलं भज्जीचं पातेलं, घड्या घातलेली सतरंजी, दोन पोरं आणि एक म्हातारी. समोरच्या घरातल्या काकूंनी कुलूप लावलं, दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, परत चढल्या आणि कुलूप ओढून पाहिलं. टेम्पोच्या फाळक्यापर्यंत आल्या, एक पाय वर ठेवला आणि म्हणाल्या, "गॅस बघून येते." कुलूप उघडलं, आत गेल्या, आल्या, लावलं, ओढलं. मग पुन्हा एकदा. धाकटा मुलगा वरून ओरडला, "आई, किती येळ? आंबील फसफसायली इकडं. मी बघितलंय म्हनलं ना!" सगळे हसले, काकूही हसल्या. तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर मात्र त्यांनी कुलपाकडं पाहिलंच नाही. पाहिलं ते स्वतःच्या तळहाताकडं. तिथं कुलपाच्या कडीचा लाल वळ उमटला होता. कुलूप लागल्याचा पुरावा अंगावरच उमटलाय, आणि तरीही तो पुरत नाहीये, अशा नजरेनं त्या हाताकडं बघत होत्या.

टेम्पो गेला. पण तो वळ काही डोळ्यांपुढून हलेना.

असं एक माणूस जवळपास प्रत्येक नात्यागोत्यात असतंच. कुणी रात्री मागच्या दाराची कडी चारदा चाचपतं, कुणी एसटीत बसल्यावर अर्ध्या वाटेवरून फोन करून शेजारणीला खिडकीतून आत बघायला लावतं, कुणी इस्त्रीची वायर काढून ती इस्त्रीच पिशवीत घालून लग्नाला नेतं. त्या माणसावर घरात चार-दोन विनोद ठरलेले असतात आणि लग्नकार्यात ते वाजतात. आपल्याकडं याला वहमी म्हणतात, शक्की म्हणतात. जुन्या मराठीत त्यासाठी एक फार नेमका शब्द आहे, मंत्रचळ. मंत्र म्हणताना अक्षर चुकलं की काय अशी शंका यावी, म्हणून पहिल्यापासून म्हणावं, पुन्हा शंका यावी, पुन्हा म्हणावं, असं काहीसं चित्र त्या शब्दात दिसतं. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला शंकेचं वेड म्हणत. आजच्या वैद्यकात ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात आणि तपासत राहणं हा त्याच्या फार नेहमीच्या प्रकारांपैकी एक. निजामाच्या मुलखात वाढलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एक म्हण असायची, की वहमाचं औषध लुकमान हकिमाकडंही नाही. लुकमानाचं ठाऊक नाही, पण आता ते औषध आहे. त्याआधी हा वहम नेमका करतो काय, ते नीट बघायला हवं. कारण त्याच्यावर घरोघरी जो उपाय चालतो, तोच त्याचं खाद्य आहे.

मुळात आपल्या भागात तपासणं हा दोष नाही, ती जगायची रीत आहे. रात्रीची लाईट असली की गडी बॅटरी घेऊन दोन वाजता विहिरीवर जातो. स्टार्टरचं बटण दाबून ऐकत उभा राहतो. मोटारीचा आवाज नेहमीचा आहे की घुमतोय, अँपिअरचा काटा किती चढला, एखादा फेज गेला का. दोन फेजवर मोटार चालत राहिली तर वाइंडिंग जळतं, आणि वाइंडिंगचा खर्च म्हणजे एक वेचणीचा कापूस. नळाचंही तेच. आठ-दहा दिवसांनी, तेही कधीही पाणी सुटणाऱ्या गावात तोटी उघडी राहिली तर पहाटे घरात तळं होतं आणि बंद राहिली तर आठवडा कोरडा जातो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहरात हौदाचं झाकण उचलून आत बघणाऱ्या बाईला वेडी कोण म्हणेल? आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून माणसं गाढ झोपली होती आणि दगडमातीच्या जाडजूड भिंती अंगावर आल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर या भागातल्या कित्येकांनी छपराखाली पाठ टेकायला वर्ष-वर्ष लावलं. २०२४ मध्ये हिंगोलीकडं धक्के बसले तेव्हाही कितीतरी घरांत म्हाताऱ्यांनी उठून आधी भिंतीवरून हात फिरवला. ही सगळी तपासणी आहे आणि तिच्यात रोग नाही.

मग काकूंचं कुलूप वेगळं कशानं?

स्टार्टरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतं, फरक तिथं आहे. तासापूर्वी लाईट होती, आता नसेल. हौदात काल पाणी होतं, आज नसेल. प्रत्येक वेळी नवी बातमी मिळते आणि त्या बातमीवर हातून काही करता येतं. लावलेलं कुलूप मात्र पाच मिनिटांत आपोआप उघडत नाही. बंद केलेला रेग्युलेटर माणूस पायऱ्या उतरेपर्यंत स्वतः फिरत नाही. तिथं दुसऱ्यांदा जाऊन मिळणारी बातमी शिळीच असते. म्हणजे दुसऱ्यांदा जाणारा माणूस बातमीसाठी जात नाही, तो एका जाणिवेसाठी जातो. 'हं, झालं' असं आत कुठंतरी खट्‌कन बसतं ना, ती जाणीव. बहुतेकांना ती फुकटात मिळते, इतकी की ती आल्याचं कळतही नाही. काहींना ती येतच नाही, आणि ती बोलावण्यासाठी ते कुलूप ओढत राहतात.

ओढण्यानं ती येत का नाही, याचा छडा नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या दोन संशोधकांनी लावला. २००३ साली त्यांचा तो प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी धडधाकट, कसलाही आजार नसलेल्या माणसांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एक गॅसची शेगडी दिली. काही बटणं चालू करायची, बंद करायची, बंद झाली का बघायचं. एका गटाकडून हे पुन्हापुन्हा करून घेतलं. दुसऱ्या गटाला मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासायला लावले. शेवटी दोघांनाही विचारलं, की गॅसच्या अगदी शेवटच्या तपासणीत तुम्ही कुठली बटणं बघितली? उत्तरं दोन्ही गटांची सारखीच बरोबर आली. पण गॅसच तपासत राहिलेल्यांना ती आठवण धुरकट वाटली, बारकावे गेलेले वाटले, आणि आपल्या स्मरणावरचा त्यांचा भरवसा उडाला. पुढं कॅनडातल्या अ‍ॅडम रॅडॉम्स्की यांनी २००६ मध्ये खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या शेगडीवर हेच करून पाहिलं, तिथंही तेच आलं. म्हणजे आठवण कच्ची म्हणून माणूस तपासत बसतो असं आपण समजतो, आणि घडतं ते उलट. तपासत बसल्यामुळं आठवणीवरचा विश्वास जातो.

निजामाच्या राज्यातलं जुनं नाणं, हाली सिक्का, ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन कळेल. नाण्यावर चारमिनार असतो. नाणं खरंच आहे ना म्हणून रोज अंगठ्यानं घासून पाहिलं, तर एक दिवस चारमिनार गुळगुळीत होतो आणि नाण्यावरच संशय येतो. पहिल्यांदा रेग्युलेटर बंद करताना हाताला त्याची खरखर लागलेली असते, कुकरच्या वाफेचा वास असतो, खिडकीतून ऊन आलेलं असतं. सहाव्या वेळी त्यातलं काहीच उरत नाही. मेंदू म्हणतो, हे तर बघितलेलंच आहे, आणि लक्ष काढून घेतो. उरतं ते कोरडं माहीत असणं. 'बंद केलाय हे मला माहीत आहे, पण केल्याचं आठवत नाही' हे वाक्य या त्रासातली माणसं जवळजवळ शब्दशः बोलतात.

या घोळात तीन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात, असं मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी तपासण्याच्या वेडाबद्दल मांडलं. वाईट होण्याची शक्यता आहे त्यापेक्षा मोठी वाटणं, झालंच तर ते भयंकरच असेल असं वाटणं, आणि ते टाळण्याची जबाबदारी पूर्ण आपली असं वाटणं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात घट्ट. गंमत अशी, की घरातून शेवटी दुसरं कुणी बाहेर पडणार असेल, कुलूप दुसरं कुणी लावणार असेल, तर हाच माणूस निवांत चपला घालून टेम्पोत जाऊन बसतो. गॅस तोच, कुलूप तेच, शक्यताही तेवढीच. फक्त नाव दुसऱ्याचं. म्हणून ज्या घरात एकच बाई सगळ्यांचं सगळं बघते, तिथं हा त्रास दारात उभा राहिलेला अनेकदा दिसतो. (त्या घरातले बाकीचे मोकळ्या हातानं टेम्पोत बसून हाका मारत असतात, हेही त्याच चित्रात आलं.) आणि डोक्यात येणारे ते विचार काही वेगळ्या जातीचे नसतात. गॅस राहिला तर, घर जळालं तर, लेकरू गच्चीवरून पडलं तर, असले विचार बहुतेक सगळ्या माणसांना येतात. रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली साध्यासुध्या माणसांना विचारून हे दाखवलं होतं. बाकीचे 'काय भलतंच' म्हणतात आणि विचार ओसरतो. मंत्रचळाचं माणूस म्हणतं, 'मला हे सुचलं त्याअर्थी काहीतरी असेल, आणि सुचूनही मी बघितलं नाही तर पाप माझ्या माथी.'

आता 'मी बघितलंय म्हनलं ना' या वाक्याकडं येऊ. हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, वैतागूनही म्हटलेलं असतं, आणि दोन्ही वेळा त्याचा परिणाम एकच. धीर देणं हे सावकाराच्या पैशासारखं असतं. आजची नड भागते, पण पुढच्या वेळी दुप्पट लागतं. आधी एकदा 'हो, बंद आहे' पुरतं, मग दोनदा लागतं, मग 'शपथ घेऊन सांग', मग 'व्हिडिओ कॉल करून दाखव'. मोबाईल आल्यापासून आणखी एक पळवाट निघाली आहे. निघताना शेगडीचा फोटो काढायचा. सोय म्हणून बरी वाटते. पण चार दिवसांत फोटोवर शंका येते. हा आजचाच का कालचा? काढल्यानंतर कुणी हात लावला असेल तर? म्हणून तारीख दिसेल असा फोटो, मग चारही बटणांचे वेगळे फोटो, मग लहान व्हिडिओ. काहींच्या फोनमध्ये बंद शेगडीचे शेकडो फोटो असतात आणि बसमध्ये बसून ते मोठे करून बघितले जातात. आकड्यांचीही तीच गत. 'तीनदाच ओढायचं' असं शहाणपणानं ठरवलेलं असतं, पण मोजताना गडबड झाली असं वाटलं की तीनाचे पाच होतात, पाचाचे अकरा. सव्वा, पाच, अकरा हे आकडे आपल्याकडं शुभ, त्यामुळं त्यांना देवाचंही पाठबळ मिळतं.

यावरचा इलाज ऐकायला इतका साधा आहे, की लोकांना तो थट्टा वाटतो. भीती वाटेल ते करायचं, आणि भीती घालवण्यासाठी जे करतो ते करायचं नाही. १९६६ साली लंडनमधल्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर हे पहिल्यांदा करून त्याबद्दल लिहिलं, आणि आजही मंत्रचळावर बोलण्यातून होणाऱ्या उपचारांत हाच सगळ्यात भरवशाचा समजला जातो. पण साधा म्हणजे सोपा नव्हे, आणि तो उधळपट्टीनं केला तर फसतो. आधी एक आठवडा नुसतं लिहायचं. पन्नास पानी वही पुरते. काय तपासलं, किती वेळा, किती मिनिटं गेली, आणि न तपासता सोडलं असतं तर शंभरापैकी किती भीती वाटली असती. तपासणं त्या आठवड्यात थांबवायचं नाही. बहुतेकांना आठवड्याच्या शेवटी बेरीज बघून धक्का बसतो. 'पाच-दहा मिनिटं जात असतील' म्हणणाऱ्याचा दिवसाकाठी दीड तास निघतो.

मग त्या वहीतूनच पायऱ्या लावायच्या, सगळ्यात सोपी खाली. समजा न्हाणीतला दिवा वीसवर आहे, फ्रिजचं दार पंचवीसवर, स्वयंपाकघरातली तोटी पस्तीसवर, मागच्या दाराची कडी पन्नासवर, इस्त्री पासष्टवर, गॅस ऐंशीवर आणि सगळं घर बंद करून स्वतः शेवटी बाहेर पडणं नव्वदवर. सुरुवात न्हाणीतल्या दिव्यापासून करावी, गॅसपासून नव्हे. दिवा एकदा बंद करायचा, वळायचं, निघायचं. मागं बघायचं नाही. कुणाला विचारायचं नाही. भीती चढेल, छातीत धडधडेल, तळव्यांना घाम येईल. पंधरा मिनिटांनी वहीत आकडा लिहायचा, अर्ध्या तासानं पुन्हा, तासानं पुन्हा. बहुतेक वेळा आकडा आपोआप उतरतो. उतरला नाही तरी बिघडत नाही. आकडा साठवर असताना भाकरी थापता येते, बस पकडता येते, हे शरीराला कळणं जास्त मोलाचं. एक पायरी रोज, आणि तिचा कंटाळा आला की वरची. कंटाळा ही इथं फार चांगली खूण आहे.

फसतं कुठं तर तीन-चार ठरावीक जागी. पहिली जागा डोक्यात. पाय परत जात नाहीत, पण माणूस टेम्पोत बसून मनातल्या मनात कुलूप लावल्याचा सिनेमा पुन्हापुन्हा चालवतो. तेही तपासणंच. तो सिनेमा सुरू झाला की त्याच्याशी भांडायचं नाही, 'असेलही उघडं' एवढं म्हणून बाहेर रस्त्याकडं बघायचं. हे 'असेलही' जड जातं, पण औषध त्यातच आहे. 'नाही, नक्की बंद आहे' असं स्वतःला समजावलं की पुन्हा सावकाराच्या ओट्यावर. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्याला पुढं करणं. 'सूनबाई, तूच लाव कुलूप' म्हटलं की भीती वाटतच नाही, मग शिकायचं काय? म्हणून वरच्या पायऱ्यांवर शेवटी बाहेर पडायचं ते ज्याला त्रास आहे त्यानंच. तिसरी जागा ऊन-पावसाची. सणाच्या दिवशी, जागरण झाल्यावर, पाळीच्या आधी, घरात आजारपण असताना जुनी सवय डोकं वर काढते आणि माणूस म्हणतो, गेलं सगळं पाण्यात. काही जात नाही. चुकून परत जाऊन तपासलंच तर वहीत खूण करायची आणि त्याच दिवशी तीच पायरी पुन्हा एकदा न तपासता करायची. पूर्ण थांबणं आज जमतच नसेल तर लांबवायचं. दहा मिनिटांनी तपासेन. दहा झाली की आणखी दहा. पुष्कळदा दुसऱ्या दहा मिनिटांत ते राहूनच जातं.

घरच्यांचं काम याहून अवघड, कारण त्यांना गप्प बसायचं असतं. पण हे गप्प बसणं एकाएकी, रागानं करायचं नाही. शांत वेळी, जेवणानंतर बसून दोघांनी मिळून ठरवायचं, की अमुक तारखेपासून 'गॅस बंद आहे का?' या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, आणि उत्तराऐवजी काय म्हणायचं तेही त्याच माणसाकडून ठरवून घ्यायचं. 'आई, याचं उत्तर द्यायचं न्हाई असं ठरलंय आपलं, पर मी हाय इथं.' शेवटचे तीन शब्द सोडू नयेत. उत्तर बंद करायचं, माया नव्हे. चेष्टा, 'येडी झालीस का', पाहुण्यांपुढं नक्कल, यानं तपासणं कमी होत नाही, फक्त लपून होतं.

बरं, गॅसची म्हणून जी खरीखुरी काळजी घ्यायची ती वेगळ्या दिवशी, निवांत घ्यावी. दारात उभं राहून नव्हे. रबरी नळीवर छापलेली तारीख बघायची. ती साधारण पाच वर्षांनी बदलतात, चिरा पडल्या किंवा कडक झाली तर आधीच. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते महिन्या-दोन महिन्यांनी बघायचं, काडी ओढून कधीही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साचतो. त्याला मुळात वास नसतो, कळावं म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन घालतात. घराला लांबचं कुलूप लागणार असेल तर शेगडीची बटणं आणि टाकीवरचा रेग्युलेटर, दोन्ही एकदा बंद. एकदा. साध्या माणसांना 'बंद करताना मोठ्यानं म्हणा, म्हणजे लक्षात राहील' असा सल्ला देतात, तो त्यांच्यापुरता बराच आहे. मंत्रचळाच्या माणसाला तो देऊ नये. चार दिवसांत तो नवा मंत्र होतो, आणि अक्षर चुकलं म्हणून पहिल्यापासून सुरू होतो.

रात्रीच्या काळज्या याच्या चुलतबहिणी. लेकरू लातूरला नीटच्या क्लासला, मेसचं खातंय, फोन उचलला नाही म्हणजे काय झालं असेल. तिथं कुलूप नसतं, पण विचार तसाच ओढून ओढून पाहिला जातो. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर एक जुगाड करून पाहिला, काळजीला वेळ ठरवून देण्याचा. रोज तीच वेळ, तीच जागा, अर्धा तास. समजा सहा ते साडेसहा, ओसरीवर. दिवसभरात काळजी आली की तिला दारातूनच सांगायचं, सहाला ये, आणि चिठ्ठीवर एक शब्द लिहून ठेवायचा. सहाला मात्र खरंच बसायचं आणि मनापासून काळजी करायची. निम्म्या चिठ्ठ्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. ही वेळ अंथरुणावर किंवा झोपेच्या तोंडावर ठेवू नये एवढंच.

घरचं घरी कुठवर, याचाही अंदाज हवा. दिवसातला तासाहून जास्त वेळ यात जात असेल, नोकरी-शाळा-शेत बुडत असेल, माणूस घराबाहेर पडणंच टाळत असेल, किंवा जगणं नको म्हणत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडं जायचं. जिल्ह्याच्या सिव्हिलला, संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी असते. केस पेपर काढून रांगेत बसायला लाज कसली. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, तो फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. गोळ्या लागल्या तर सहसा सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन या घराण्यातल्या. उदासीसाठी लागतात त्यापेक्षा इथं डोस बहुधा जास्त लागतो, आणि नीट गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. आपल्याकडं गोळी पंधराव्या दिवशी 'काही फरक न्हाई' म्हणून बंद होते, तिथं गाडी चुकते. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण मनानं एकदम बंदही करू नयेत. मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची गोळी हा यावरचा उपाय नाही, ती एक रात्र उसनी देते. दोन गोष्टींत गल्लत करू नये. सत्तरीतल्या आजी खरंच गॅस चालू ठेवून जायला लागल्या असतील, दूध खरंच करपत असेल, तर तो मंत्रचळ नव्हे, ती स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यायची वेळ आहे. मंत्रचळाच्या माणसाचा गॅस जवळजवळ कायम बंदच सापडतो. आणि ओली बाळंतीण रात्रभर बाळाच्या नाकाशी बोट धरून बसत असेल, आपल्याच हातून बाळाला काही होईल या विचारानं थरथरत असेल, तर तिला 'बाहेरचं' झालं म्हणून लिंबू उतरवत बसू नये. हे नेहमी दिसणारं आहे आणि उपचारानं बरं होतं.

त्या येळवशीला शेतात काय झालं ते गल्लीत कळायचं कारण नाही. कडब्याच्या कोपीपुढं पांडव मांडले असतील, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत आंबील शिंपडली असेल, चार अनोळखी माणसांना हाक मारून जेवू घातलं असेल. सांजेला गवताचा पेटता हेंडगा फिरवून पिकाला फेरी घातली असेल. टेम्पो परत आला तेव्हा दिवे लागले होते. पोरं झोपेत, म्हातारी पेंगत, सगळ्यांच्या कपड्यांना कडब्याची कुसळं. काकू सगळ्यांत आधी उतरल्या आणि दाराशी गेल्या. कुलूप जसं लावलं होतं तसंच, कडीत सरळ लोंबत होतं. धाकटा मागून बिंदगी सावरत आला आणि जिंकल्यासारखं म्हणाला, "बघ. होतं का न्हाई लागलेलं?"

काकू किल्ल्यांचा जुडगा चाचपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होतं की रे. ते मला शेतातबी माहीत होतं."